अंगणवाडीच्या उंबरठ्यावरचे मूल आणि शौचसवयीचे शिक्षण

(अंगणवाडी पर्यवेक्षिका, सेविका व मदतनीस यांच्या प्रशिक्षण वर्गात एका बालरोगतज्ज्ञाने दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आजच्या विषयाचे नाव मी संयोजकांना कळविले, तेव्हा त्यांनी थोड्या संकोचाने विचारले की, या विषयावर पूर्ण तासाचे व्याख्यान होऊ शकेल का? त्यांचा संकोच मी समजू शकतो. पोषण, लसीकरण, वजन-उंचीच्या नोंदी, पूर्वप्राथमिक शिक्षण या विषयांवर आपण वर्षानुवर्षे बोलत आलो आहोत. परंतु तीन वर्षांचे मूल अंगणवाडीत किंवा बालवाडीत प्रथमच येते, तेव्हा त्याला शी-शू सांगता येते का, स्वतःची चड्डी उतरवता येते का, आणि तेथील शौचालयाची त्याला भीती वाटते का, हे प्रश्न आपल्या अहवालांत फारसे दिसत नाहीत. प्रत्यक्षात मात्र दररोज सकाळी सेविकेसमोर उभे राहणारे पहिले प्रश्न हेच असतात.

माझ्या अनुभवातील एका घटनेपासून सुरुवात करतो. काही वर्षांपूर्वी साडेतीन वर्षांच्या एका मुलीला घेऊन तिची आजी आमच्या बाह्यरुग्ण विभागात आली. ताप, पोटदुखी आणि लघवीला जळजळ अशी तक्रार होती. तपासणीत मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग आढळला. औषधाने ती बरी झाली. पण महिन्याभरात पुन्हा तोच त्रास घेऊन आली. तेव्हा आजीशी जरा सविस्तर बोललो आणि खरी हकिकत कळली. अंगणवाडीत जाऊ लागल्याच्या पहिल्या आठवड्यात त्या मुलीची बसल्या जागी लघवी झाली. मुले हसली. तिला ओल्या फ्रॉकनिशी घरी पाठविण्यात आले आणि ‘शू सांगता येऊ लागली की पाठवा’ असा निरोप मिळाला. त्या दिवसापासून ती घराबाहेर असताना लघवी रोखून धरू लागली. सकाळपासून पाणीही पीत नसे. आजी म्हणाली, “डॉक्टर, पोर शहाणी झाली असं आम्हाला वाटलं.” आपण जिला शहाणपण समजलो, ती त्या मुलीची भीती होती, आणि त्या भीतीतूनच आजार वाढत होता.

त्या मुलीचा पूरक आहार बुडाला, पूर्वशिक्षणाचे तीन महिने बुडाले आणि दोनदा दवाखाना झाला. कारण एवढेच की, एका नैसर्गिक गोष्टीला आपल्या व्यवस्थेत जागा नव्हती. म्हणून हा विषय मला महत्त्वाचा वाटतो.

प्रश्न केवळ आपला नाही

लहान मुले शाळेत येताना शौचसवयी शिकलेली नसतात, ही तक्रार आज अनेक देशांत ऐकू येते. इंग्लंडमध्ये गेल्या काही वर्षांत शाळेच्या पहिल्या वर्गातील शिक्षकांची सर्वेक्षणे झाली. त्यांत सुमारे चारपैकी एक मूल या बाबतीत तयार नसते, असे शिक्षकांनी सांगितले. अमेरिकेतील युटा राज्याने तर २०२४ मध्ये कायदा करून बालवर्गातील प्रवेशासाठी मुलाला शौचसवय असणे आवश्यक ठरविले. अपंगत्व वा विशेष गरजा असलेल्या मुलांना त्यातून वगळले आहे. तेथील कारणे वेगळी आहेत. एकदाच वापरून टाकण्याचे डायपर सर्रास आणि दीर्घकाळ वापरले जातात, आईवडील दोघेही नोकरीत असतात, आणि मूल ‘तयार’ होईपर्यंत थांबण्याची प्रथा रूढ झालेली आहे.

आपल्याकडे प्रवेशाची अशी अट घालणे मला अयोग्य वाटते. एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. आज सुमारे १४ लाख अंगणवाड्यांचे जाळे देशभर पसरले आहे. ज्या घरात पाणी नाही, जागा नाही, आई पहाटेच कामावर जाते, त्या घरातील मुलासाठीच ही योजना आहे. त्याच मुलाला ‘सवय लागल्यावर या’ असे सांगितले, तर ज्याला गरज सर्वाधिक, त्यालाच आपण दाराबाहेर ठेवतो. अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यानेही सर्वसमावेशक शिक्षणाचे तत्त्व स्वीकारले आहे. त्यामुळे ज्या मुलाच्या मेंदूच्या वा मज्जारज्जूच्या दोषामुळे हे नियंत्रण उशिरा येणार आहे किंवा येणारच नाही, त्याला या कारणावरून नाकारणे तर मुळीच न्याय्य नाही.

शरीर केव्हा तयार होते?

सवय लावण्यापूर्वी शरीराची घडण समजून घेतली पाहिजे. जन्मतः मलमूत्र विसर्जन ही केवळ प्रतिक्षिप्त क्रिया असते. मूत्राशय भरला की तो आपोआप रिकामा होतो. मज्जारज्जू आणि मेंदू यांच्यातील संदेशवहन हळूहळू परिपक्व होते, आणि साधारण दीड ते दोन वर्षांच्या सुमारास ‘आता होणार’ ही जाणीव मुलाला होऊ लागते. जाणीव होणे, ती शब्दांत वा खुणेने सांगणे, काही क्षण धरून ठेवणे, योग्य जागी जाणे, कपडे उतरवणे, बसणे आणि सोडणे, अशी ही सात पायऱ्यांची कृती आहे. आपण तिला एका शब्दात ‘सवय’ म्हणतो आणि ती एकाच आठवड्यात लागावी अशी अपेक्षा करतो.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ मध्ये १,१७० मुलांच्या निरीक्षणावर आधारित निबंध प्रसिद्ध केला. मुलाच्या कलाने, त्याची तयारी पाहून शिकविल्यास दिवसाचे नियंत्रण सरासरी २८ महिन्यांच्या आसपास येते, असे त्यांना आढळले. सक्ती आणि शिक्षा यांमुळे बद्धकोष्ठता आणि दीर्घकाळचे अंथरूण ओले करणे वाढते, ही त्यांची चिंता होती. हा विचार मोलाचा आहे. मात्र त्याचा अर्थ ‘काहीच करू नका, मूल आपोआप शिकेल’ असा घेणे चूक आहे.

आपल्या परंपरेत दुसरी एक पद्धत होती आणि खेड्यांत ती आजही दिसते. आजी जमिनीवर बसते, दोन्ही पाय पुढे घेते, बाळाला पायांवर बसवते आणि ‘श्शू’ असा आवाज काढते. दूध पाजल्यानंतर, झोपेतून उठल्यानंतर, ठरलेल्या वेळी. पोटात अन्न गेले की मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, हे शरीरशास्त्र आजीला पुस्तकातून ठाऊक नव्हते. पण वेळ अचूक साधलेली असे. सुती लंगोट ओला झाला की बाळाला लगेच ओलसरपणा जाणवे आणि ते कुरकुर करी. ही जाणीव हाच शिक्षणाचा पहिला धडा होता. आधुनिक डायपर ओलावा शोषून घेतो आणि मुलाला कोरडे ठेवतो. प्रवासात वा आजारपणात त्याची सोय मोठीच आहे. परंतु तीन वर्षांचे मूल दिवसभर डायपरमध्ये असेल, तर ते ही जाणीव गमावते. शहरांतील खासगी बालवाड्यांत आणि आता निमशहरी भागांतही हे चित्र दिसू लागले आहे. शिवाय वापरलेल्या डायपरचा प्रश्न वेगळाच. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी डायपरचा समावेश स्वच्छताविषयक कचऱ्यात करून तो वेगळा गुंडाळून देण्याची जबाबदारी नागरिकांवर टाकली. प्रत्यक्षात तो नाल्यात आणि उकिरड्यावर पडलेला आपण पाहतो.

दिवसाचे नियंत्रण बहुतेक मुलांत तीन ते चार वर्षांपर्यंत येते. रात्रीचे नियंत्रण उशिरा येते. पाच वर्षांच्या मुलांपैकी सुमारे १५ टक्के मुले रात्री अंथरूण ओले करतात आणि त्यांतील बहुसंख्य कोणत्याही औषधाविना बरी होतात. हा आजार नाही, आळस नाही आणि खोडी तर मुळीच नाही.

लहान मुलाची शी निरुपद्रवी नाही

आपल्या समाजात एक समज खोलवर रुजला आहे. तान्ह्या बाळाची शी ‘घाण’ नसते, असे मानले जाते. त्यामुळे ती अंगणात, गटाराकाठी किंवा उकिरड्यावर टाकली जाते. दुपटे विहिरीजवळ वा नळाखाली धुतले जाते. वस्तुस्थिती उलट आहे. लहान मुलांना अतिसार वारंवार होतो, त्यामुळे त्यांच्या विष्ठेत रोगजंतूंचे प्रमाण मोठ्यांपेक्षा अधिक असण्याची शक्यता असते. आणि ती पडते कोठे? जेथे इतर मुले रांगतात, खेळतात, तेथेच.

१९९९ च्या संपूर्ण स्वच्छता अभियानापासून २०१४ च्या स्वच्छ भारत अभियानापर्यंत देशाने या क्षेत्रात मोठा पल्ला गाठला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, कोणतीही शौचसुविधा न वापरणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण २०१५-१६ मधील ३९ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये १९ टक्क्यांवर आले. परंतु घरात शौचालय आले म्हणून त्या घरातील दोन वर्षांच्या मुलाची शी शौचालयात जाऊ लागली, असे होत नाही. मोठी माणसे शौचालयात जातात आणि मूल अंगणात बसते, हे दृश्य हागणदारीमुक्त घोषित झालेल्या गावांतही दिसते. भांडे मोठे, खोली अंधारी, पाणी कमी आणि मूल पडेल ही भीती, ही त्याची साधी कारणे आहेत.

येथे एक सावधगिरीचा शब्द सांगणे आवश्यक आहे. स्वच्छता सुधारली की मुलांची खुंटलेली वाढ लगेच भरून निघेल, असे सरळ गणित मांडले जाते. बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वे येथे झालेल्या मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २०१८-१९ मध्ये आले. केवळ घरगुती शौचालय, शुद्ध पाणी आणि हात धुणे यांमुळे मुलांच्या उंचीत अपेक्षित वाढ दिसली नाही. बांगलादेशात अतिसार मात्र कमी झाला. आपल्या देशात २०१९-२१ मध्ये पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी होती. हा प्रश्न आहार, मातेचे आरोग्य, स्वच्छता अशा सर्व अंगांनी एकत्रित प्रयत्न मागतो. तरीही अतिसार, जंत आणि मुलाची प्रतिष्ठा ही तीन कारणे शौचसवयीच्या शिक्षणासाठी पुरेशी आहेत. जंतांसाठी १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट रोजी आपण गोळी देतोच. पण मातीत नवी विष्ठा मिसळत राहिली, तर गोळीचा परिणाम टिकत नाही.

मुलाच्या मापाचे शौचालय

संपूर्ण स्वच्छता अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांतच प्रत्येक अंगणवाडीला बालस्नेही शौचालय असावे, असे म्हटले होते. पुढे ‘सक्षम अंगणवाडी व पोषण २.०’ मध्ये अंगणवाडीच्या शौचालयासाठीची रक्कम १२ हजार रुपयांवरून ३६ हजार रुपये आणि पिण्याच्या पाण्याच्या सोयीसाठीची रक्कम १० हजारांवरून १७ हजार रुपये करण्यात आली. तरतूद वाढली, हे स्वागतार्ह आहे. मात्र अनेक ठिकाणी बांधलेले शौचालय मोठ्या माणसाच्या मापाचे असते, किंवा त्याला कुलूप असते, किंवा त्यात खराटे, जुनी पाटी आणि पोषण आहाराची रिकामी पोती ठेवलेली असतात.

बालस्नेही म्हणजे नेमके काय? पाय ठेवण्याच्या जागांतील अंतर कमी हवे, म्हणजे मुलाला तोल सांभाळता येईल. भांडे लहान आणि उथळ हवे. धरायला भिंतीत एक आडवी दांडी हवी. दाराला आतून कडी नको. उजेड हवा, भिंतीत वरच्या बाजूला जाळी बसविली तरी पुरे. नळ किंवा पाण्याची टाकी मुलाच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर हवी. डबा लहान हवा, मुलाला उचलता येईल असा. ग्रामीण भागासाठीचे तीव्र उताराचे भांडे दीड ते दोन लिटर पाण्यात स्वच्छ होते. पाणीटंचाईच्या भागात हा तपशील निर्णायक ठरतो, कारण ‘पाणी नाही’ या कारणानेच बहुतेक कुलपे लागलेली असतात.

जेथे इमारत भाड्याची आहे आणि शौचालय नाही, तेथे काय करावे, असे मला विचारले जाते. प्लॅस्टिकचे शीपात्र हा तात्पुरता उपाय आहे. त्यातील मैला शौचालयातच गेला पाहिजे. शेजारच्या घराशी तशी बोलणी करता येतात. तेही शक्य नसेल, तर पाण्याच्या साठ्यापासून दूर, खड्डा करून मातीने झाकणे हा शेवटचा पर्याय आहे. उघड्यावर टाकणे हा पर्याय होऊ शकत नाही.

दिवसाचे वेळापत्रक

शौचसवयीचे शिक्षण हा स्वतंत्र तास नाही. तो दिवसाच्या क्रमातच गुंफावा. मूल आल्यावर एकदा, नाश्त्यानंतर एकदा, गरम जेवणापूर्वी एकदा आणि घरी जाण्यापूर्वी एकदा, असे चार वेळा सर्व मुलांना लहान गटांत शौचालयाकडे न्यावे. ‘कोणाला जायचे आहे?’ असा प्रश्न विचारण्याऐवजी ‘चला, आता आपली वेळ झाली’ असे म्हणावे. लाजणारे मूल प्रश्नाला उत्तर देत नाही. पण रांगेत सर्वांबरोबर जाते. कोणालाही दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ बसवून ठेवू नये. नंतर साबणाने हात धुणे हा त्याच कृतीचा भाग समजावा.

पहिल्या आठवड्यात आईला किंवा आजीला थोडा वेळ थांबू द्यावे. शौचालय आधी रिकामे दाखवावे, पाणी ओतून दाखवावे. पुष्कळ मुलांना त्या भोकाची आणि पाण्याच्या आवाजाची भीती वाटते. ती भीती हसण्यावारी नेऊ नये. पालकांकडून एक जादा चड्डी मागवून ठेवावी आणि ज्यांना ती देणे शक्य नाही त्यांच्यासाठी अंगणवाडीतच चार-पाच जुन्या, स्वच्छ चड्ड्या असाव्यात. नाडीच्या, घट्ट बटणांच्या वा पट्ट्याच्या कपड्यांऐवजी इलॅस्टिकची चड्डी घालण्यास सांगावे. निम्मे अपघात कपडे वेळेत न निघाल्याने होतात, असे माझे अनुभवाअंती मत आहे.

भाषेचा प्रश्नही आहे आणि तो आपल्या देशात विशेष महत्त्वाचा आहे. मराठी मूल ‘शू’ म्हणते, हिंदी भाषक ‘सू-सू’, बंगाली ‘हिसू’. तमिळ मूल ‘ओण्णुक्कु’ म्हणते. त्याचा अर्थ ‘एकला’. आपल्याकडच्या शाळांतील ‘एकी-दुकी’चाच तो भाऊबंद. ऊसतोडीच्या, वीटभट्टीच्या वा बांधकामाच्या कामासाठी स्थलांतरित झालेल्या कुटुंबाचे मूल जेव्हा परप्रांतातील अंगणवाडीत बसते, तेव्हा त्याच्याजवळ शब्द असतो; पण तो ताईंना कळत नाही. म्हणून नोंदणीच्या दिवशीच आईला विचारावे, ‘तुमचे मूल शी-शूसाठी कोणता शब्द वापरते?’ तो शब्द नोंदवहीत लिहून ठेवावा. शिवाय सर्व मुलांना एक खूण शिकवावी. करंगळी वर करण्याची जुनी खूण आजही उत्तम काम देते. बोलण्यात मागे असलेल्या आणि कर्णबधिर मुलांनाही ती उपयोगी पडते.

अपघात झालाच तर? काही न बोलता मुलाला बाजूला न्यावे, स्वच्छ करावे, कपडे बदलावे आणि परत खेळात आणून बसवावे. इतर मुले हसली, तर ‘सगळ्यांचे कधी ना कधी होते’ एवढे शांतपणे म्हणावे. मारणे, ओल्या कपड्यात उभे करणे, नाव ठेवणे, घरी पाठविणे या गोष्टी शिक्षेत मोडतात. शिक्षेने मूल नियंत्रण शिकत नाही, लपविणे शिकते. पाणी कमी देणे हाही घातक उपाय आहे. त्याने लघवी गडद होते, जळजळ वाढते, शौच कडक होते. कडक शौच दुखते म्हणून मूल ते रोखते आणि रोखल्याने ते आणखी कडक होते. शेवटी साठलेल्या मळाच्या बाजूने पातळ शौच चड्डीत झिरपत राहते. अशा मुलाला ‘अतिसार’ म्हणून औषध दिले जाते आणि मूळ दोष वाढतो. पाणी, भाजी, फळ आणि निश्चित वेळ ही येथील पहिली औषधे होत.

हे काम कोणाचे?

आता एका अवघड मुद्द्याकडे वळतो. मुलाला धुणे हे काम कोणी करायचे? सेविका म्हणते मदतनिसाचे, मदतनीस म्हणते आईचे. काही गावांत याहून कटू गोष्ट कानी येते. अमुक वस्तीतील मुलाला हात लावायचा नाही, त्याच्या घरच्यांना बोलवा. खीर वाढताना जो भेद आपण कष्टाने मोडीत काढला, तो शौचालयाच्या दारात शिल्लक राहतो. शी-शू साफ करणे हे हलके काम आहे, ही समजूत जातिव्यवस्थेने आपल्या मनात रुजविली आहे. आई तेच काम दिवसातून पाच वेळा करते, तेव्हा त्याला आपण वात्सल्य म्हणतो.

महाराष्ट्रातील एक उदाहरण येथे सांगितले पाहिजे. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगर येथे बालशिक्षणाचे कार्य केले आणि पुढे १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. ‘अंगणवाडी’ या कल्पनेचा उगम त्यांच्या कार्यातच आहे. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हा त्यामागील विचार होता. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी वस्तीवरच्या मुलांना स्वच्छ करणे, आंघोळ घालणे, नखे कापणे हा बालशिक्षणाचाच भाग मानला. मूल आधी स्वच्छ होऊन येऊ दे, मग शिकवू, अशी अट त्यांनी घातली नाही. ज्या संस्थेचे नावच या विचारातून आले, तिने ही अट आज घालावी का, याचा विचार आपण सर्वांनी करावा.

मात्र जबाबदारी केवळ सेविका आणि मदतनीस यांच्यावर ढकलून चालणार नाही. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या खासगी बालवाड्यांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांत २० मुलांमागे एक शिक्षिका आणि एक मदतनीस असा विचार आहे. अंगणवाडीतील दोन भगिनींवर स्वयंपाक, नोंदी, गृहभेटी, सर्वेक्षणे आणि आता भ्रमणध्वनीवरील माहिती भरण्याचे कामही आहे. साबण, हातमोजे, फिनेल, झाडू यांसाठीचा किरकोळ खर्च त्यांना स्वतःच्या मानधनातून करावा लागू नये. ग्रामपंचायतीने पाणी आणि दुरुस्ती यांची हमी घ्यावी. पर्यवेक्षिकेने भेटीच्या वेळी नोंदवह्यांबरोबर शौचालयाचे दारही उघडून पाहावे.

सुरक्षिततेचा मुद्दाही दुर्लक्षून चालणार नाही. मुलाला स्वच्छ करताना शक्यतो ठरलेल्या, ओळखीच्या स्त्री कर्मचाऱ्यानेच जावे, दार पूर्ण बंद करू नये, आणि मोठ्या मुलांना लहानांबरोबर एकटे पाठवू नये. शरीराच्या अवयवांची नावे मुलाला न लाजता शिकवावीत. स्वतः धुण्यास शिकलेले मूल हळूहळू परावलंबनातून मुक्त होते, आणि त्याच्या संरक्षणासाठीही हे आवश्यक आहे. मुलींना पुढून मागे धुण्याची पद्धत आवर्जून शिकवावी. मूत्रमार्गाचा संसर्ग टाळण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग आहे.

केव्हा दवाखान्यात पाठवावे?

बहुतेक मुलांना वेळ आणि माया पुरते. तरी काही लक्षणे लक्षात ठेवावीत. लघवी करताना दुखणे वा ताप. मुलग्याच्या लघवीची धार बारीक असणे किंवा जोर करावा लागणे. लघवी सतत थेंब थेंब गळत राहणे. पाचव्या वर्षानंतरही दिवसा वारंवार कपडे ओले होणे. अतिशय तहान लागून खूप लघवी होणे आणि वजन घटणे. आठवडा-आठवडा शौच न होणे. पाठीच्या खालच्या भागात खळगा, गाठ वा केसांचा झुबका असणे. चालण्यात दोष असणे. यांपैकी काही आढळल्यास मुलाला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात पाठवावे. चांगली सवय लागलेले मूल अचानक पुन्हा कपडे ओले करू लागले, तर घरात नवे बाळ आले आहे का, स्थलांतर झाले आहे का, कोणी मारते वा छळते का, हेही हळुवारपणे विचारावे. कोविडच्या काळात, मार्च २०२० नंतर, अंगणवाड्या दीर्घकाळ बंद राहिल्या. त्यानंतर आलेल्या मुलांत घराबाहेर शौचास जाण्याची भीती मी अनेकदा पाहिली. एकदा मोडलेली सवय पुन्हा लावता येते. त्यासाठी मुलाला दोष देण्याची गरज नसते.

घर आणि अंगणवाडी

शिक्षण अंगणवाडीत सुरू होत नाही, घरी सुरू होते. २०२४ मध्ये महिला व बाल विकास मंत्रालयाने जन्म ते तीन वर्षे वयोगटासाठी ‘नवचेतना’ आणि तीन ते सहा वर्षांसाठी ‘आधारशिला’ हे आराखडे प्रसिद्ध केले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला आणि पहिलीपूर्वीच्या वर्षासाठी बालवाटिकेची कल्पना मांडली. या चौकटीत शौचसवयीला सन्मानाचे स्थान सहज देता येईल. दीड वर्षाच्या मुलाच्या घरी गृहभेट देताना सेविकेने आईला चार गोष्टी सांगाव्यात. मूल थबकते, कोपऱ्यात जाते, चड्डी ओढते या खुणा ओळखा. उठल्यावर आणि जेवणानंतर बसवा. शी नेहमी शौचालयात टाका आणि साबणाने हात धुवा. मूल चुकले तर रागावू नका. ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण दिनी याच गोष्टी सासू, आजी आणि वडील यांच्यापुढेही बोलाव्यात. विशेषतः वडिलांपुढे, कारण मुलाला शौचालयात नेणे हे काम केवळ आईचेच का असावे?

भगिनींनो, सुरुवातीला सांगितलेल्या त्या मुलीचे पुढे काय झाले, हे सांगून थांबतो. आजीबरोबर मी त्या अंगणवाडीला एक चिठ्ठी पाठविली होती. औषधाबरोबर तिला दर दोन तासांनी लघवीस न्यावे आणि पाणी भरपूर द्यावे, एवढेच तीत लिहिले होते. तेथील मदतनीस मावशींनी ते मनावर घेतले. त्या स्वतः तिला घरून आणू लागल्या, आणि शौचालयातील पोती बाहेर काढून त्यांनी ती जागा धुऊन घेतली. तीन महिन्यांनी आजी पुन्हा आली, ती या वेळी धाकट्या नातवाच्या लसीसाठी. मुलगी बरोबर होती. तिने मला करंगळी दाखविली आणि माझे उत्तर येण्यापूर्वीच आजीचा हात सोडून दवाखान्याच्या शौचालयाकडे चालू लागली.

त्या अंगणवाडीला नवी इमारत मिळाली नव्हती, नवा निधीही आला नव्हता. एका व्यक्तीने ते काम आपले मानले आणि कुलूप उघडले. निधी, इमारत आणि पाणी यांची मागणी आपण करीत राहूच. ती शासनाची जबाबदारी आहे आणि ती पूर्ण झालीच पाहिजे. पण उद्या सकाळी तुमच्या दारात एखादे मूल चड्डी घट्ट धरून, डोळ्यांत पाणी आणून उभे राहील. त्याला घरी पाठवू नका, त्याचा हात धरा, एवढीच माझी विनंती आहे.